संत्र्याच्या सिनेमात ती

तेरवीच्या दिवशी भिंतीवर लावायला तिचा फोटो नव्हता. शेवटी मतदानाच्या कार्डावरचा फोटो पांढुर्ण्याच्या स्टुडिओत नेऊन मोठा करून आणला. मोठा झाला तसा तो जास्तच वाईट दिसायला लागला. तोंड मिटलेलं, डोळे घाबरलेले, गालाची हाडं वर आलेली. हार घातला, उदबत्ती लावली, लोक पाया पडून गेले. मी त्या फोटोकडे पाहत बसलो आणि वाटलं, ही कोण बाई आहे? हिच्यासोबत मी संसार केला नाही.

आमच्या लग्नात फोटो काढायची रीत नव्हती. नंतर कधी सुचलं नाही. पण तिचा तरुणपणचा चेहरा एका जागी होता. हलता, बोलता. विलायतेच्या एका साहेबाच्या सिनेमात. हे ती जन्मभर सांगत राहिली आणि बाया जन्मभर हसत राहिल्या. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. जसं येईल तसं लिहून राहिलो.

देश स्वतंत्र होऊन काही वर्षं झाली होती आणि नागपूर अजून आमची राजधानी होती. आमचा संत्र्याचा बगीचा तिगाव स्टेशनापासून बैलबंडीनं थोड्या वाटेवर. आंबिया बहाराच्या फळांचा तोडा चालू होता. अशात एक दिवस दोन मोटारी आल्या. साहेब, त्याची दोन माणसं, पेट्याच पेट्या, आणि नागपूरचा एक कोटवाला दुभाषी. संत्रं झाडावरून निघून विलायतेतल्या माणसाच्या ताटात कसं जातं, त्याचा लहानसा सिनेमा काढायचा होता. कोणत्या तरी कंपनीनं खर्च केला होता. स्टेशनावरचं काम झालं होतं. आता त्यांना झाडं आणि बाया पाहिजे होत्या.

साहेब म्हणजे ओरडणारा, अशी आमची समजूत. इंग्रजांचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. हा साहेब ओरडत नव्हता. उंच, जरा वाकलेला, स्वेटरच्या कोपराला भोक पडलेलं, नाकाची साल उन्हानं निघालेली. सकाळभर त्यानं कॅमेरा पेटीतून काढलाच नाही. नुसता झाडाखाली मातीत बसला. संत्रं हातात घेऊन वास घेतला, सोललं, साल चावून पाहिली, थुंकली. माझे वडील म्हणाले, "याले काम हाय का नाई काई? का फुकटचे संत्रे खायाले आला?"

दुपारी कॅमेरा लागला. आमच्या बाया ढिगाभोवती बसून माल निवडत होत्या. मोठं फळ एकीकडे, मधलं एकीकडे, डागी मागे. डोळ्यानं कमी, हातानंच जास्त कळतं ते. सगळ्या भाऊबंदांच्याच सुना. माझी बायको त्यांत सगळ्यांत नवी, माहेर रामाकोन्याचं, लग्नाला जेमतेम दोन बहार झालेले. साहेबाच्या एका माणसाला ताप आला होता, म्हणून त्याच्या हातातली फळी मला दिली. फळीला चांदीसारखा चमकणारा कागद चिकटवलेला. उन्हात धरली की झाडाखालच्या सावलीत उजेड फेकायची. माझं काम एवढंच, की उजेड बायांच्या तोंडावर राहिला पाहिजे.

पण तोंडं होती कुठे? कॅमेरा सुरू झाला की सगळ्यांचे पदर खाली. नाकाच्या शेंड्यापर्यंत. हात चालून राहिले, तोंड एकीचं दिसत नव्हतं.

दुभाषी माझ्याकडे आला. "साहेबांना वाटतं, उजेड फार होतोय. डोळे दिपतात बायकांचे. फळी थोडी तिरपी धरा."

तिरपी धरली. पदर तसेच. मग फळी मागे नेली. मग झाडावर कापड बांधून ऊन अडवलं. पदर तसेच. साहेब आपला फळ्या इकडच्या तिकडे करून राहिला. त्या दुभाष्यालाही कळेना. शहरातला होता तो. मला कळत होतं आणि बायांना कळत होतं. माझे वडील कॅमेऱ्याच्या बाजूला, कमरेवर हात ठेवून उभे होते. आपल्या बगीच्यात परका माणूस काय करतो, ते डोळ्यात तेल घालून पाहत होते. सासरा समोर उभा असताना सून तोंड कशी वर करील? आणि बापाला 'तुम्ही हटा' असं मी तरी कसं म्हणू? त्या काळी बापासमोर बायकोशी बोलत नव्हतो आम्ही.

शेवटी माझी आई ढिगामागून ओरडली, "अवो, तुमी जा ना तिकडे! तुमच्यापाई पोरी डोस्कं वर नाई करून राहिल्या."

"मी काहून जाऊ? मी काय कोनाच्या बापाच्या जाग्यात उभा हाओ?"

"तुमच्याच बापाच्या जाग्यात हाय. पन तो साहेब दुपारपासून फळ्या फिरवून राहिला, त्याले घरी जायचं असन."

बाया पदरात फसफस हसल्या. साहेबानं विचारलं, काय झालं? दुभाष्यानं सांगितलं. मग साहेबानं डोक्यावरची टोपी काढली, स्वतःची कापडाची घडीची खुर्ची उचलली, आणि ती बांधावर, रस्त्याकडे तोंड करून मांडली. बायांकडे पाठ होईल अशी. पेटीतून एक लाल कपडा काढला. वडिलांच्या हातात दिला आणि दुभाष्याकरवी म्हणाला, "रस्त्यानं बंडी आली तर धूळ उडते. सगळं काम खराब होईल. तुमच्याशिवाय कोणाचं कोणी ऐकणार नाही. बंडी दिसली की हा कपडा दाखवून थांबवायची."

वडिलांनी कपडा घेतला. खुर्चीत बसले. पाठ अशी ताठ, जसे काही तिगावचे स्टेशन मास्तर. त्या दिवशी त्यांनी गावातल्या दोन बंड्या आणि सरपंचाची सायकल अडवून ठेवली. मरेपर्यंत सांगायचे, "साहेबाचा सिनेमा माह्यामुळं झाला."

आणि इकडे पदर वर गेले.

कॅमेरा फिरत होता. मी फळी धरून होतो. माझा उजेड नेमका तिच्या तोंडावर. दिवसाउजेडी, चारचौघांत, एवढा वेळ मी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. घरात पाहायची सोय नव्हती. हात अवघडले होते, फळी हलत होती. उजेड तिच्या डोळ्यांत नाचायला लागला. तिनं मान वर केली, पदर डोक्यावरून खांद्यावर घसरला, आणि सरळ मला म्हणाली, "येक फळी सीधी धरता येत नाई तुमाले, मले काय सांभायसान!"

आणि हसली. सगळे दात दाखवून.

मी पण हसलो. फळी सुटता सुटता राहिली. उजेड तिच्या तोंडावरून सरकला आणि संत्र्याच्या ढिगावर पडला.

दुभाषी माझ्यावर खेकसला. पुन्हा घेऊ का, असं त्यानं साहेबाला विचारलं. साहेबानं मान हलवली. नको. पेटी बंद करा म्हणाला.

संध्याकाळी चहा पिताना दुभाष्यानं मला त्या साहेबाची सगळी गोष्ट सांगितली. कोट काढून बंडीच्या दांडीवर बसला होता, बोलायच्या मूडमध्ये होता. म्हणाला, हा साधा माणूस नाही. विलायतेत मोठं नाव होतं. लहानपणी सिनेमाच्या कारखान्यात झाडू मारायला लागला, मग फिल्म कापायच्या आणि जोडायच्या कामावर गेला. लढाईच्या दिवसांत कॅमेरा घेऊन फिरला. बॉम्ब पडलेल्या घरात बाई विटा बाजूला करून चहा करते आहे, पोरं पडक्या भिंतीवर बसून पुस्तक वाचतात, असं सगळं त्यानं काढलं. लोक थिएटरात रडले. मग एका मोठ्या कंपनीनं बोलावलं. राजवाडे, घोडे, नट्या, असा खूप पैशाचा सिनेमा दिला. तो साफ पडला. दुसरा दिला, तोही पडला. त्याला खोटं काही काढता येत नव्हतं, असं दुभाषी म्हणाला. आता अशी बारकी कामं करतो. कोळशाचा सिनेमा, चहाचा सिनेमा. आमचा संत्र्याचा.

"अन् बायको?" मी विचारलं.

"वारली. लढाईतच. यानं सगळ्या देशाच्या बायका काढल्या, घरच्या बाईचा एक तुकडा नाही काढला. म्हणायचा, ती तर रोजच दिसते."

मी म्हटलं, "मंग दुसरी काहून नाई करत?"

दुभाषी हसला आणि साहेबाला सांगायला गेला. साहेब हसला नाही. माझ्याकडे पाहून त्यानं काहीतरी म्हटलं, दुभाष्यानं ते मला सांगितलं नाही. तेव्हा मला त्यात विशेष वाटलं नव्हतं. आमच्याकडे बायको मेली की वर्षाच्या आत दुसरी येत होती.

निघताना दुभाषी म्हणाला, सिनेमा तयार झाला की त्याची एक प्रत नागपूरला येईल. आपल्या सरकारला देणार आहेत. तुम्हाला पाहायला मिळेल.

हे तिनं ऐकलं आणि मनात धरलं. तिला आरशाशिवाय आपलं तोंड माहीत नव्हतं. आणि आमच्या घरचा आरसा केवढा? कुंकू लावता येईल एवढा. "मी हसताना कशी दिसत असन वो?" असं मला विचारायची. मी म्हणायचो, "दात दिसतात." दुसरं काय सांगणार? मला बोलता येत नव्हतं.

प्रत यायच्या आधी राज्यांची वाटणी झाली. आम्ही मराठी बोलणारे, सगळं येणंजाणं नागपूरशी, सोयरीक नागपूरशी, आणि राहिलो मध्य प्रदेशात. सौंसर आणि पांढुर्णा, दोन्ही तालुके. राजधानी भोपाळ झाली. लोकांना वाईट वाटलं, सभा झाल्या. माझ्या बायकोला एकच काळजी, आपला सिनेमा कुठे गेला? तिच्या हट्टापायी आम्ही दोघं रेल्वेनं नागपूरला गेलो. एका सरकारी ऑफिसात विचारलं. तिथे अर्ध्या खोल्या रिकाम्या होत्या. एक बाबू म्हणाला, "तिकडचं सगळं सामान भोपाळला गेलं. टेबलं गेली, पंखे गेले, सिनेमेही गेले असतील. तुम्ही आता आमच्यात नाही."

स्टेशनावर गाडीची वाट पाहत असताना ती म्हणाली, "टेबलासंगं मी बी गेली मतलब. पाहा, भोपाळ पाहून आली मी, तुमी नाई पाह्यलं अजून." हसायची सवय होती तिला. मला ते हसणं त्या दिवशी आवडलं नाही.

पुढे दोन-चार वर्षांनी सरकारची सिनेमाची गाडी तिगावच्या बाजारात आली. खेताची माहिती, खताची माहिती, आणि शेवटी संत्र्याचा सिनेमा आहे असं भोंग्यावर सांगितलं. तिनं दुपारीच भाकरी उरकल्या. घरातलं लुगडं वेगळं आणि बाहेर जायचं वेगळं असायचं, ते बाहेरचं नेसली. गावातल्या सगळ्या बाया, शेजारच्या गावच्या बाया, तिनं ओढून नेल्या. पार पुढे बसल्या. मी मागे पुरुषांत.

पांढऱ्या कापडावर आमचा बगीचा आला. गलका झाला. हिंदीत कोणी बोलून राहिला, मध्य प्रदेश का संतरा म्हणून. झाडं आली. मग ढीग आला आणि ढिगावर हात. नुसते हात. फिरवून पाहणारे, वेगळे करणारे. पदर खाली घेतलेल्या बाया. आता तोंड वर होईल, आता होईल, असं मी मुठी आवळून पाहत होतो. मधातच कापड खाडकन पांढरं झालं, आणि पुढे एकदम स्टेशन. पेट्या डब्यात चढून राहिल्या होत्या.

पुढून बायांचा आवाज आला. "कावं सिनेमावाली, तू कुठं हायेस?"

"ते हात माह्येच व्हय. गोट नाई दिसला का चांदीचा?"

"गोट तं माह्या सासूच्याई हातात हाय. मंग सासू बी सिनेमात गेली का माही?"

"हिच्या थोबाडाले पाहून मशीन बंद पडली असन!"

हसणं थांबेना. मी गाडीवाल्याकडे गेलो, मधला भाग कुठे आहे म्हणून विचारलं. तो म्हणाला, "टूट जाती है भैया, गाँव-गाँव घूमती है. जोड़ते हैं तो टुकड़ा निकल जाता है. कहीं गिर गया होगा."

त्या दिवसापासून तिचं नाव सिनेमावाली पडलं. ज्या जावा त्या दिवशी ढिगाभोवती होत्या, त्यांना खरं माहीत होतं. पण त्याही हसणाऱ्यांत गेल्या. त्यांचंही तोंड आलं नव्हतं ना. विहिरीवर, लग्नात, बारशात, "या सिनेमावाली, या." तीही हसून उत्तर द्यायची. पण त्यानंतर तिनं मला कधी विचारलं नाही, की मी हसताना कशी दिसते.

पोरं झाली, बगीचा वाटला गेला, मुलगा पांढुर्ण्याला शाळेत मास्तर झाला, आम्ही त्याच्याकडे आलो. शेवटच्या आजारात ती अंथरुणालाच लागली होती. एक दिवस मी पाणी पाजत होतो, तर म्हणाली, "तो साहेब असन का वो जित्ता?"

"मेला असन. आपल्याहून मोठा होता."

"पन त्यानं तं पाह्यलं असन मले. तुकडे तोच जोडत असन ना? मंग कोनीतरी पाह्यलं." थोड्या वेळानं म्हणाली, "ग्लास सीधा धरा."

तेरवी झाल्यावर माझी नात, नागपूरला शिकते ती, मतदान कार्डाच्या फोटोसमोर मला बसलेलं पाहून विचारायला लागली. मी सगळं सांगितलं. साहेबाचं नाव जसं आठवत होतं तसं सांगितलं. माझ्या तोंडून ते काय निघालं देव जाणे, तिच्या लॅपटॉपात काहीच सापडेना. मग तिनं संत्रं, नागपूर, जुना सिनेमा असं काय काय इंग्रजीत टाकलं. दोन दिवस करून राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी आली आणि म्हणाली, "आबा, हा का?"

साहेबाचा फोटो होता. म्हातारा झालेला. स्वेटरच.

तिनं वाचून सांगितलं. आमच्या इथून गेल्यावर त्यानं असे अजून थोडे बारके सिनेमे काढले. मग चोर आणि पोलिसांचे काही स्वस्तातले काढले, ते कोणी पाहिले नाहीत. मग टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिराती काढल्या. मग कामच मिळालं नाही. समुद्राच्या काठी एका गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला आणि तिथंच मेला. आता तिकडचे लोक त्याचे जुने सिनेमे शोधून, धूळ पुसून दाखवून राहिले. आता म्हणतात, फार मोठा माणूस होता. मी म्हटलं, मेल्यावर काय करतो तो त्याचं? नातीनं सिनेमा लावला.

पूर्ण होता. तुटलेला नव्हता. इंग्रजीत कोणी बोलत होतं, मागं बाजा. झाडं आली. ढीग आला. हात आले. माझा जीव तिथंच अडकला, जिथं त्या दिवशी तिगावच्या बाजारात अडकला होता. पण या वेळी कापड पांढरं झालं नाही.

तिनं मान वर केली. पदर घसरला.

माझ्या नातीपेक्षा लहान होती. कसं सांगू? मी विसरलो होतो. म्हातारी झालेली ती एवढी वर्षं समोर होती, की ही कधी होती हेच मी विसरलो होतो. तिचे ओठ हलले. ती हसली, सगळे दात दाखवून. तिच्या बोलण्यावर त्या इंग्रजी माणसाचं बोलणं चाललेलं, तिचा आवाज नाही आला.

"आजी काहीतरी बोलली," नात म्हणाली. "काय बोलली आबा?"

मी सांगितलं.

तेवढ्यात तिच्या तोंडावरचा उजेड सरकला. ती सावलीत गेली आणि ढीग चमकला. नात म्हणाली, "इथे जरा खराब झालंय प्रिंट. अंधार आला बघा."

"खराब नाई झालं पोरी. तो मी हाओ."

तिला पहिल्यांदा समजलं नाही. मग समजलं, आणि ती माझ्या खांद्याला डोकं लावून रडली. मी रडलो नाही. मी म्हटलं, पुन्हा लाव. तिनं लावला. अजून एकदा लावला. त्या साहेबाला दुसऱ्यांदा घेता आलं असतं. सरळ धरलेल्या फळीचं, चांगल्या उजेडाचं घेता आलं असतं. त्यानं तेच ठेवलं. घरी बाईचा एक तुकडाही नसलेला माणूस. एकटा बसून तोच तुकडा जोडला असेल त्यानं. ती म्हणाली ते खरं होतं. कोणीतरी पाहिलं होतं तिला. फक्त तिनंच पाहिलं नाही. आणि ज्या बाया हसल्या त्यांतली एक उरली नाही, जिला हाक मारून आणावं आणि म्हणावं, पाहा.

नातीनं तिथला फोटो करून नागपूरहून मोठा छापून आणला. उजेड जायच्या आधीचा. मतदान कार्डाचा फोटो मी उतरवला आणि हा लावला. सून हार घेऊन आली आणि थबकली. चांगली आहे ती, सासूचं सगळं केलं तिनं. म्हणाली, "मामाजी, फोटो छान हाय. पन डोक्यावर पदर नाई हो. अन् दात दिसून राहिले. गेलेल्या मानसाचा असा फोटो लावतात का? लोक काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "राहू दे. तिचा सासरा तिकडे बांधावर बसला हाय, रस्त्याकडे तोंड करून. लाल कपडा हाय त्याच्या हातात. कोनाले येऊ नाई देत तो. बोलू दे तिले."